बसमधील जिना

लंडन शहरातील दुमजली बसगाडीवर पूर्वी दोन माणसे काम करीत. एक ड्रायव्हर, दुसरा कंडक्टर. गाडी तीच, रस्ता तोच, कामाचे तासही सारखेच. व्यायामासाठी निराळी सवड दोघांपैकी कोणाला मिळणार! परंतु ड्रायव्हर बहुतेक सारा वेळ बसून काढी. कंडक्टर मात्र तिकिटे देत खालीवर फिरे आणि दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या चढे.

डॉ. जेरी मॉरिस यांनी वाहतूक खात्यातील सुमारे ३१,००० कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी तपासल्या. कंडक्टरांना हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांपेक्षा कमी येत, असे त्यांना आढळून आले. हा शोध १९५३ साली प्रसिद्ध झाला. टपालखात्यातही तोच प्रकार दिसला. पायी फिरून पत्रे वाटणाऱ्यांची हृदये बैठ्या कारकुनांपेक्षा निरोगी होती.

पण एक शंका उरतेच. मुळातच स्थूल असलेले लोक ड्रायव्हर होत असले तर? शंका रास्त होती. मॉरिस यांनी ती टाळली नाही. त्यांनी कामगारांच्या गणवेशाच्या विजारींची मापे मिळवली. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला अधिक रुंद निघाल्या, आणि तरुण ड्रायव्हरांच्याही! तेव्हा सारा दोष बसण्याला देता येईना. मॉरिस यांनी मग इतर नोकरदारांच्या सवयींचा अभ्यास पुढे कित्येक वर्षे चालू ठेवला.

ते स्वतःही नव्वदी उलटल्यावर नेमाने चालत व पोहत. २००९ साली ते वारले, तेव्हा शंभरीला थोडेच महिने उणे होते.