सफारीचा बेत

कोपर हे मध्य रेल्वेवरील दिवा आणि डोंबिवली यांच्यामधील एक लहानसे स्थानक आहे. तेथे खालच्या फलाटावर मुंबई-कल्याणच्या गाड्या थांबतात, तर वरच्या फलाटावरून वसईकडे जाणारी गाडी मिळते. खालची गाडी उशिरा आली की वरची चुकते, हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. प्रवासाचा बेत आखणे म्हणजे अशा गाठी आधीच जुळवून ठेवणे होय. म्हणून, मुलांनो, आपण कोपरच्याच एका कुटुंबाची कल्पना करू. आई, वडील, आजी आणि सातवीत शिकणारी मुलगी असे हे चौघेजण. चार वर्षे काटकसर करून त्यांनी पैसे साठवले आहेत. त्यांना पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात वन्य पशू पाहावयास जावयाचे आहे.

अशा प्रवासाला 'सफारी' म्हणतात. हा शब्द तेथील स्वाहिली भाषेतला असून त्याचा अर्थ केवळ 'प्रवास' असा आहे. आपला 'सफर' हा शब्द आणि हा 'सफारी' मूळ एकाच अरबी शब्दापासून निघाले. स्वाहिलीत मोटारीला 'गारी' आणि पोळीला 'चपाती' म्हणतात, हे ऐकून तुम्हांला मौज वाटेल. समुद्रावरचा जुना व्यापार आणि पुढे तेथे जाऊन राहिलेले भारतीय यांच्याबरोबर असे शब्द तिकडे गेले. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधण्यात आला. त्यासाठी भारतातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. १८९९ मध्ये या मार्गावर पडलेल्या रेल्वेच्या तळातूनच आजचे नैरोबी शहर वाढले.

आता बेताकडे वळू. पहिला प्रश्न असा, की जावे केव्हा?

टांझानियातील सेरेंगेटी आणि त्याला लागून असलेले केनियातील मसाई मारा हे एकच विस्तीर्ण गवताळ रान आहे. तेथे विल्डबीस्ट नावाचा प्राणी राहतो. बैलासारखी शिंगे, लांब दाढी आणि घोड्यासारखी शेपटी असे त्याचे रूप असते. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पावसामागून, म्हणजे कोवळ्या गवतामागून, वर्षभर फिरत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास ते सेरेंगेटीच्या दक्षिणेस वितात. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत ते उत्तरेस येऊन मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. ते दृश्य पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात.

आमच्या मुलीलाही तेच पाहावयाचे आहे. परंतु त्या महिन्यांत तिची शाळा भरलेली असते. दिवाळीची सुटी येते तेव्हा बहुतेक कळप परतीच्या वाटेला लागलेले असतात, आणि केनियातील छोटा पावसाळा तोंडावर आलेला असतो. उन्हाळ्याच्या सुटीत जावे, तर मार्च ते मे हे तेथील मोठ्या पावसाचे महिने. मग उरतात ते जूनच्या आरंभीचे दिवस. तेव्हा पाऊस सरलेला असतो, रान हिरवे असते, गर्दी कमी असते आणि राहण्याचा खर्चही कमी येतो. मात्र नदी ओलांडणारे कळप तेव्हा माऱ्यात नसतात. सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे, तरस हे मात्र तेथे बारा महिने असतात. मुलीने थोडा वेळ विचार केला आणि नदीचा हट्ट सोडला. बेत आखताना काय पाहावयाचे हे ठरवावे लागते, तसेच काय सोडावयाचे हेही ठरवावे लागते. यांतील दुसरे अधिक कठीण असते.

दुसरा प्रश्न, जावे कोठे आणि किती दिवस? वडिलांनी प्रथम जी यादी केली, तीत सात दिवसांत सहा ठिकाणे होती. आजीने ती पाहिली आणि म्हटले, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" आजीचे म्हणणे योग्यच होते. नैरोबीहून मसाई मारा सुमारे २७० किलोमीटर आहे. पण तेवढ्या वाटेला पाच-सहा तास लागतात. अशा प्रवासात किलोमीटर मोजू नयेत, तास मोजावेत. शेवटी सात रात्रींचा बेत ठरला तो असा:

पहिली रात्र नैरोबीत विश्रांतीची.
पुढील दोन रात्री अंबोसेलीत.
एक रात्र नैवाशा सरोवराकाठी.
अखेरच्या तीन रात्री मसाई माऱ्यात.

अंबोसेलीत दोन रात्री कशासाठी? समोर टांझानियाच्या हद्दीत ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो पर्वत उभा आहे. परंतु तो पुष्कळदा दिवसभर ढगांत असतो आणि भल्या पहाटे तेवढा मोकळा दिसतो. दोन रात्री राहिले म्हणजे दोन पहाटा हाती येतात. त्या पर्वतावरचे पाणी जमिनीखालून वाहत येऊन अंबोसेलीच्या दलदलीत वर येते. म्हणूनच कोरड्या दिवसांतही तेथे हत्तींचे कळप चरताना आढळतात. नैवाशा केवळ मोठा प्रवास मध्येच तोडण्यासाठी. तरी तेथे पाणघोडे दिसतीलच.

तिसरा प्रश्न तयारीचा. केनियात पीतज्वराचा आजार आढळतो. तो डासांमुळे पसरतो. भारतात हा आजार नाही. पण तो पसरवू शकणारे डास आहेत. एखादा रोगी येथे आला, तर रोग देशभर फैलावू शकेल. म्हणून केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाजवळ लस घेतल्याचा दाखला असावा लागतो. नसल्यास त्याला काही दिवस वेगळे ठेवण्यात येते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य ठरतो. आजीचे वय साठीपलीकडचे आहे. त्या वयात ही लस द्यावी की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचे असते. म्हणून विमानाची तिकिटे नंतर. डॉक्टरांची भेट आधी. हा क्रम उलटला, तर सारा बेत तयार असूनही आजीला घरी राहावे लागेल. हिवतापाच्या औषधांविषयीही त्याच वेळी विचारून घ्यावे.

सामान थोडे न्यावे. विषुववृत्त जवळ असले, तरी हा प्रदेश समुद्रसपाटीपासून बराच उंच आहे. म्हणून पहाटे गाडीत स्वेटर लागतो. कपडे मातकट रंगाचे असावेत. गडद निळ्या व काळ्या रंगाकडे त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या ओढल्या जातात. सैनिकी ठिपक्यांचे कपडे तेथे सामान्य माणसाने घालणे बेकायदा आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियाने २०१७ मध्ये बंदी घातली. तेव्हा आईने फराळ कापडी पिशव्यांत बांधला. मुलीने दुर्बीण आणि एक वही घेतली.

आता शेवटचा प्रश्न, तेथे वागावे कसे?

पूर्वी आपल्या देशातही चित्ते होते. १९५२ मध्ये ते येथून नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. मसाई माऱ्यात चित्ते आजही आहेत. चित्ता दिवसा शिकार करतो. सिंह किंवा तरस आले, तर त्याला आपली शिकार टाकून निघून जावे लागते. त्यात प्रवाशांच्या गाड्यांनी त्याला वेढले, तर त्याची मोठी अडचण होते. २०१८ मध्ये माऱ्यातील चित्त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे प्रवासी थोडे होते, तेथे चित्त्याच्या मादीची एका वेतातील सरासरी २.३ पिल्ले जगून स्वतंत्र झाली. जेथे प्रवाशांची फार गर्दी होती, तेथे ही सरासरी अवघी ०.२ भरली. हा हिशेब दहा वेतांसाठी करून पाहा. एका ठिकाणी तेवीस पिल्ले मोठी होतात. दुसऱ्या ठिकाणी दोनच. त्या प्रवाशांपैकी कोणी बंदूक आणली नव्हती. सर्वजण चित्त्याच्या प्रेमानेच आले होते.

म्हणून एका पशूभोवती एका वेळी पाचाहून अधिक गाड्या उभ्या करू नयेत, असा नियम माऱ्यात आहे. पण नियम मोडला जातो तो पुष्कळदा प्रवाशांच्या आग्रहामुळे. "आणखी जवळ घ्या," असे ते म्हणतात, आणि बक्षिसी बुडेल या भीतीने चालक गाडी पुढे नेतो. तेव्हा बेतात एक गोष्ट अशीही लिहून ठेवावी, की पहिल्याच सकाळी चालकाला नम्रपणे सांगावयाचे, "आम्हांला घाई नाही. गर्दी असेल तेथे आपण थांबू नये." स्वाहिलीत 'पोले पोले' म्हणजे सावकाश. मुलीने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर हेच दोन शब्द लिहिले आहेत.

त्या रानाच्या भोवती मसाई लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखीत आले आहेत. सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान राखण्यासाठी १९५९ मध्ये तेथील मसाईंना आपली कुरणे सोडावी लागली. म्हणून त्यांच्या वस्तीत जाताना आणि त्यांचे छायाचित्र काढण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी. ते घरचे आहेत आणि आपण पाहुणे.

निघण्यास अद्याप दोन महिने आहेत. तोवर मुलगी दर रविवारी सकाळी आजीबरोबर उल्हास खाडीच्या काठी जाते. एका जागी अर्धा तास न बोलता बसावयाचे आणि जे पक्षी दिसतील ते वहीत नोंदवावयाचे, असा दोघींचा नेम आहे. पहिल्या रविवारी तिला दहा मिनिटेही गप्प बसवले नाही. आता अर्धा तास कसा सरतो, ते तिला कळत नाही.

शब्दार्थ

ग्राह्य – मान्य करण्याजोगा. पीतज्वर – डासांमुळे होणारा एक ताप. कुरण – गुरे चरण्याची जागा. बक्षिसी – खूश होऊन दिलेले पैसे. वेत – प्राण्याची एका वेळची प्रसूती. नेम – ठरवून पाळलेली गोष्ट.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा:
(अ) विल्डबीस्टचे कळप वर्षभर कशामागून फिरतात?
(आ) नैरोबी शहर कशातून वाढले?

२. कारणे द्या:
(अ) मुलीने नदीचा हट्ट सोडला.
(आ) तिकिटे काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे आवश्यक होते.
(इ) गर्दीच्या ठिकाणी चित्त्याची पिल्ले थोडी जगली.

३. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आजीने का वापरली? तुमच्या अनुभवातील असाच एक प्रसंग लिहा.

४. उपक्रम: तुमच्या गावाजवळच्या तळ्याकाठी, खाडीकाठी किंवा झाडाखाली मोठ्या माणसांसोबत अर्धा तास शांत बसा. जे प्राणी व पक्षी दिसतील, त्यांची वेळेसह नोंद करा.