ब्रेकचं पेडल कडक झालंय? बूस्टर बदलण्याआधी हे तपासा

पाय ब्रेकवर आहे, पण पेडल खाली जायला तयार नाही. नेहमीच्या दुप्पट-तिप्पट जोर लावला तेव्हा कुठे गाडी थांबते. गॅरेजमध्ये गेलात की बऱ्याचदा पहिलंच वाक्य ऐकू येतं, "बूस्टर गेला, बदलावा लागेल." बूस्टर जातो, हे खरं आहे. पण त्याच्याआधी तपासायची व्हॅक्यूमची नळी आणि तिचा व्हॉल्व्ह यांचं काम बूस्टरच्या खर्चाच्या मानाने फार थोडक्यात होतं. ते तपासल्याशिवाय बूस्टर खोलू देऊ नका.

पेडल मऊ पडतं, खाली बसतं, तेव्हा दोष बहुधा ब्रेक ऑइलच्या बाजूला असतो: लाइनमध्ये हवा शिरलेली असते किंवा कुठून तरी गळती असते. पेडल कडक होतं तेव्हा संशय व्हॅक्यूमवर घ्यायचा. म्हणून कडक पेडलवर "ऑइल बदलून बघू" म्हणणाऱ्याला थांबवा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचंच असतं, पण या आजाराचं ते औषध नव्हे.

बूस्टर म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधला गोल, काळा पत्र्याचा डबा. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पेट्रोल गाडीत इंजिनच डब्यातली हवा ओढून घेतं, डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तीच पुढे रेटा देते. हा रेटा मिळाला नाही तर सगळा भार तुमच्या पायावर येतो.

घरच्या घरी चाचणी करता येते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल, ते होणारच. आता पाय तसाच दाबून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर मदत करतो आहे. जागचं हललं नाही तर दोष व्हॅक्यूम, नळी किंवा बूस्टर यांपैकी कशात तरी आहे. मग इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं थांबून पेडल दाबा. पहिलाच दाब कडक लागला तर साठवलेला व्हॅक्यूम निसटतो आहे.

पुढचं काम मेकॅनिकचं, पण तुमच्यासमोर करून घ्या. बूस्टरला लागलेली जाड रबरी नळी इंजिन चालू असताना काढायची आणि तिच्या तोंडावर बोट धरायचं. बोट घट्ट ओढलं गेलं तर इंजिनकडून पुरवठा ठीक आहे. ओढ नसेल तर नळी वाकवून बघा. वळणावर तडे, सैल क्लिप, ऑइलने फुगलेलं रबर किंवा उंदरांनी कुरतडलेली जागा सापडू शकते. व्हॉल्व्ह फुंकून बघायचा: हवा इंजिनच्या दिशेनेच गेली पाहिजे, दोन्हीकडे जात असेल तर तो निकामी आहे. पुरवठा आणि व्हॉल्व्ह दोन्ही ठीक, पेडल दाबताना पायाशी "फुस्स" आवाज येतो, त्याच वेळी इंजिन अडखळतं, तर मात्र बूस्टरचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी.

आता पैशांचं. लहान हॅचबॅकसाठी शहरातल्या गॅरेजमधले हे ढोबळ अंदाज आहेत. मॉडेल आणि गावाप्रमाणे आकडा हलतो. नळी आणि व्हॉल्व्ह मजुरीसह साधारण ५०० ते २,००० रुपयांत होतात. बूस्टर बदलायचा तर ४,००० ते ८,००० धरा. डिझेलचा व्हॅक्यूम पंप गेला असेल तर ५,००० पासून पुढे कितीही. ब्रेकच्या बाबतीत जुन्या बाजारातला किंवा "रिपेअर" केलेला बूस्टर मी कुणालाही सुचवणार नाही. आतल्या रबराचं वय बाहेरून कळत नाही.

बूस्टर बदलायचाच ठरला तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांचा सांधा नीट बघायला सांगा. तिथे ओल असेल, किंवा बाहेर थेंबही न पडता ऑइलची पातळी उतरत असेल, तर ऑइल बूस्टरमध्ये झिरपतं आहे. मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर नवा बूस्टरही त्याच वाटेने जाईल.

बूस्टर ठीक असूनही ब्रेक जड वाटला तर चाकांकडे वळा. कॅलिपर जाम असेल तर ते चाक इतरांपेक्षा जास्त तापतं, गाडी एका बाजूला ओढते. पिन साफ करून ग्रीस लावणं हे काही शे रुपयांचं काम आहे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत आणखी एक गोष्ट होते. व्हॅक्यूम रातोरात निसटला की सकाळी पेडल कडक, पुरेसं दाबलं जात नाही, आणि गाडी सुरूच होत नाही. लोक बॅटरी बदलून येतात. आधी पेडल दोन्ही पायांनी जोरात दाबून बटण दाबून बघा.

चालत्या गाडीत पेडल कडक झालं तर पंप करू नका, प्रत्येक दाबात उरलासुरला व्हॅक्यूम संपतो. एकदाच, पूर्ण जोराने, गरज पडली तर दोन्ही पायांनी दाबून धरा, गिअर उतरवत या, हँडब्रेक हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका. घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांना हे खास सांगायचं आहे: साठा दोन-तीन दाबांत संपतो आणि खंबाटकी किंवा आंबेनळीची वळणं त्याहून कितीतरी जास्त आहेत. पेडल कडक झालेली गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग बोलवा. विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का, तेही बघा.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. एरवी लेखी एस्टिमेट मागा, जुना भाग परत मागा, बिलावर भाग आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. २८ टक्के लावलेलं दिसलं तर विचारा. न बदललेल्या भागाचे पैसे घेतले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.