राज्ये काळ बुडवितो की माणसे?

काशीस मणिकर्णिका घाटावर चितेचा अग्नी विझत नाही. दिवस असो वा रात्र, लाकडांच्या राशी रचलेल्या असतात आणि एकाची राख गंगेस मिळते न मिळते तोच दुसऱ्याची तिरडी पायऱ्यांवर येऊन ठेपलेली असते. अशा ठिकाणी उभ्या राहिलेल्या गृहस्थाच्या मनात वैराग्य उत्पन्न व्हावे, हे स्वाभाविकच आहे. जुन्या लोकांनी त्यास श्मशानवैराग्य असे नाव दिले आहे आणि ते घरी परतेपर्यंतच टिकते, हेही सांगून ठेविले आहे. परंतु त्या वैराग्याचा हात धरून एक तर्क मनात शिरतो आणि तो मात्र घरी परतल्यावरही टिकतो. जसा देह तसे राज्य. मौर्य गेले, गुप्त गेले, देवगिरीचे यादव गेले, मराठ्यांचेही राज्य गेले. जे उगवले ते मावळणारच. मग कोणी काय केले आणि काय करावयाचे राहिले, याचा हिशेब कशास मांडावयाचा?

हा तर्क दिसावयास धार्मिक आहे, म्हणूनच तो अधिक तपासून घेतला पाहिजे.

देहास मृत्यू आहे तो देहाच्या स्वभावामुळे. कोणी कितीही पथ्याने राहिला तरी त्यास एक दिवस मणिकर्णिकेवर यावेच लागते. राज्यास असा ठरलेला स्वभाव नाही. राज्य म्हणजे अनेक माणसांनी पिढ्यानुपिढ्या चालविलेला व्यवहार होय. चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दून याने राजवंशाचे आयुष्य सामान्यतः तीन पिढ्यांचे, म्हणजे सुमारे १२० वर्षांचे मानले. बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद मिळाले १७१३ मध्ये आणि बाजीराव दुसरा इंग्रजांच्या स्वाधीन झाला १८१८ मध्ये. म्हणजे अवधी १०५ वर्षांचा. आकडा जवळपास जुळतो खरा. पण वर्षांची मोजणी म्हणजे कारण नव्हे. घर साठ वर्षांनी पडले, एवढ्यावरून साठ हा आकडा घर पाडतो असे कोणी म्हणत नाही.

गीतेच्या अभ्यासकापुढे याहून कठीण शंका उभी राहते. अकराव्या अध्यायात भगवंत स्वतःस लोकक्षय करणारा काळ म्हणवितात. समोरचे योद्धे पूर्वीच मारले गेले आहेत, अर्जुनाने केवळ निमित्त व्हावे, असे सांगतात. मग सर्व पूर्वनियोजितच नव्हे काय? या ठिकाणी अनेक जण ग्रंथ मिटवितात. परंतु हे वचन कोणी, कोणास व केव्हा सांगितले, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. हेच श्रीकृष्ण त्यापूर्वी शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले होते. निघताना त्यांनी स्पष्ट म्हटले होते की, पुरुषप्रयत्नाने जे साधेल ते सर्व आपण करू, दैव मात्र आपल्या हाती नाही. विदुराने सांगून पाहिले, भीष्मद्रोणांनी सांगून पाहिले, गांधारीस सभेत आणून तिच्याकडूनही पुत्रास सांगविले. इतकी दारे एकामागून एक बंद करून घेतल्यानंतर रणांगणावर जो काळ प्रकट झाला, तो आकाशातून पडलेला नव्हता. कौरवांच्या सभेतच तो पोसला गेला होता. आणि त्या दर्शनानंतरही आज्ञा झाली ती ऊठ अशीच, बस अशी नव्हे.

महाभारतात दैवाचा आधार सर्वांत अधिक कोण घेतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तो धृतराष्ट्र होय. द्यूत मांडले जाते तेव्हा तो दैवाकडे बोट दाखवितो. पुत्र पडू लागतात तेव्हाही दैवाचेच नाव घेतो. आणि संजय त्यास पुनःपुन्हा ठणकावितो की, राजा, हा तुझाच अपराध आहे, आता शोक कशास? व्यासांनी दैववादाचे प्रवक्तेपद एका आंधळ्या, पुत्रलोभी राजाकडे दिले आहे. याउलट शरशय्येवरून भीष्म युधिष्ठिरास सांगतात की, काळ राजास घडवितो की राजा काळास, याविषयी संशयच ठेवू नये. राजाच काळाचे कारण आहे.

अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही; परंतु त्यास पाचवे स्थान आहे, एकमेव नव्हे. आपणच एकटे कर्ते आहोत असे मानणारा दुर्मती, असे तेथे पुढे म्हटले आहे, ते खरे. पण दैवच एकटे कर्ते आहे असे मानणाऱ्याने तरी काय निराळे केले? त्यानेही पाचांतील चार कारणे पुसून टाकलीच.

आता ही पाच कारणे मराठ्यांच्या ऱ्हासास लावून पाहावी. मणिकर्णिकेवर हा विषय परका नाही. येथला पाषाणच मराठ्यांच्या हातचा आहे.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास निजामाचा पराभव झाला. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांच्या फौजा तेथे एकत्र होत्या. त्यानंतर पावणेआठ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, पेशव्याने वसईस इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. खर्ड्याच्या विजयापासून वसईच्या तहापर्यंतची ही वर्षे प्रत्येक विचारी गृहस्थाने एकदा तरी ओळीने वाचावीत. त्यांत दैवाचा भाग आहे आणि तो लहान नाही. महादजी शिंदे १७९४ च्या फेब्रुवारीतच गेले होते. १७९५ च्या ऑगस्टमध्ये अहिल्याबाई गेल्या, ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव ऐन एकविसाव्या वर्षी निपुत्रिक गेले, १७९७ मध्ये तुकोजी होळकर गेले आणि १८०० च्या मार्चमध्ये नाना फडणवीस. एवढे कर्ते इतक्या थोड्या काळात उचलले जावेत, हे कोणाच्या हातचे होते?

परंतु रिकाम्या जागी पुढे जे घडले ते मृत्यूने घडविलेले नाही. बाजीरावाने गादीसाठी दौलतराव शिंद्यास अतोनात द्रव्य कबूल केले. ते देता येईना, तेव्हा १७९८ मध्ये दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्याच्या सावकार-गृहस्थांस छळून पैसा काढला. आपल्याच राजधानीत, आपल्याच रयतेवर झालेला हा जुलूम! १८०१ च्या एप्रिलमध्ये विठोजी होळकरास बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले. दया दाखविणे त्याच्या एका शब्दावर होते. विठोजीचा भाऊ यशवंतराव चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरास त्याने पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या. तरीही त्याने पेशव्यास परत येण्याविषयी निरोप पाठविले. बाजीराव आपल्या सरदाराकडे वळला नाही; तो वसईस इंग्रजांकडे गेला. १८०३ मध्ये असईस व अडगावास शिंदे-भोसले लढले, तेव्हा होळकर दूर राहिले. १८०४ मध्ये होळकर लढावयास उठले, तेव्हा शिंदे-भोसल्यांचे तह होऊन चुकले होते. साधनांची गोष्ट तशीच. शिंद्यांची कवायती पलटणे उत्तम होती, पण ती परकीय अंमलदारांच्या हाती होती. युद्ध सुरू होताच त्यांतील अनेक जण इंग्रजांकडे निघून गेले.

इंग्रजांचे सामर्थ्यच असे होते की हे सर्व टळूनही राज्य गेलेच असते, असा आक्षेप येईल. त्यास १७७९ ची साक्ष पुरेशी आहे. त्या वर्षी वडगावास याच कंपनीच्या सैन्यास शरण येऊन करार लिहून द्यावा लागला होता आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, तो मराठ्यांस बुडवून नव्हे. कंपनी तीच होती. वीस वर्षांत तिचे बळ वाढले हे मान्य करूनही, ज्यांच्याशी तिची गाठ होती ते मात्र एक राहिले नव्हते, हे उरतेच.

बाजीरावाच्या अमदानीतील आणखी एक गोष्ट लढायांच्या गलबल्यात दृष्टीआड होते, आणि गृहस्थांच्या दृष्टीने तीच सर्वांत जवळची आहे. महालांचा वसूल मक्त्याने, अधिक बोली करील त्यास देण्याची पद्धत त्याने वाढविली. ज्याने पैसा टाकून अधिकार घेतला, तो रयतेकडून तो व्याजासह काढणारच. यात दैवाने काय करावयाचे? आज पेशवे नाहीत आणि राजेही नाहीत. १९५० पासून भारत प्रजासत्ताक आहे; त्यामुळे भीष्मांच्या वचनातील राजा हा शब्द मत देणाऱ्या प्रत्येक गृहस्थास लागू झाला आहे. मुलास नोकरी लागावी म्हणून पाकीट देणारा पिता, ग्रामसभेस कधी न फिरकता गावच्या तळ्यातील गाळाबद्दल हळहळणारा शेतकरी, हे सारे ‘कलियुगच आहे’ असे म्हणून सुटका करून घेतात. मक्त्याची बोली लावणारेही बहुधा असेच काही म्हणत असतील.

दैवाचे आघात सोसूनही कर्त्याचे स्थान कसे राखावे, हे पाहावयास मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवरून दूर जावे लागत नाही. हा घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधविला. १७५४ मध्ये कुंभेरीस त्यांचे पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये एकुलता एक पुत्र मालेराव गेला. त्याच वेळी कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड याने दत्तकाचा घाट घालून राघोबादादांस बोलाविले. दैवास शरण जावयाचे तर याहून योग्य क्षण कोणता? त्यांनी फौज सिद्ध केली, शेजारच्या सरदारांस पत्रे धाडली, माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळविला. आणि मग २८ वर्षे राज्य केले. तीर्थक्षेत्रांतील बांधकामांचा खर्च त्या आपल्या खासगीच्या उत्पन्नातून करीत. दौलतीचा पैसा आणि आपला पैसा यांत रेघ ओढणे, ही त्या काळी कोणी सक्तीने शिकविलेली गोष्ट नव्हती.

शेजारीच शिंदे घाट आहे. तो १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधविला. त्या सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. पण पित्याच्या कृत्याचा भार कन्येवर टाकणे न्याय्य नव्हे. घाट भव्य होता. इतका की स्वतःच्याच भाराने खचला आणि पुढे विसाव्या शतकात नव्याने बांधावा लागला. यात्रेकरू यातही दैव पाहतात. गवंड्यास विचारावे, तो पायाची व मातीची गोष्ट सांगेल.

राज्य गेल्यावर बाजीरावास वर्षास आठ लाख रुपये नेमणूक मिळाली आणि तो ब्रह्मावर्तास राहिला. १८५१ मध्ये तेथेच वारला. त्याचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा नेमणूक घेऊन काशीस आला. त्याच्या आश्रितांत मोरोपंत तांबे नावाचे एक गृहस्थ होते. पराभूतांच्या या वस्तीत, जेथे उरले होते ते केवळ स्नान, दान आणि मरणाची वाट पाहणे, तेथे मोरोपंतांस कन्या झाली. तिचे नाव मणिकर्णिका ठेविले. विवाहानंतर ती लक्ष्मीबाई झाली. १८५३ मध्ये पती गेला, १८५४ मध्ये इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. तिने प्रथम अर्ज केले, वकील दिला, आणि पुढे शस्त्र धरले. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरनजीक ती लढता लढता पडली. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे त्या वेळी आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयास गेले होते. थोड्याच दिवसांत इंग्रजांनी त्यांस परत आणून गादीवर बसविले.