कैफियत आधी, चित्र मागाहून

पानिपत

चि. माधव,

रुग्ण खोलीत येण्यापूर्वीच त्याच्या एम.आर.आय.ची चित्रे पाहून ठेवतोस, असे तू मोठ्या समाधानाने लिहिले आहेस. ते वाचून मन अस्वस्थ झाले, कारण या विणकरांच्या गावात तीच चूक माझ्या हातून घडली आहे.

चालताना तोल जातो म्हणून आलेल्या एका विणकराच्या कमरेच्या चित्रात मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली, आणि मी निःशंकपणे महिनाभर तिचेच औषध देत राहिलो. पुढच्या खेपेस त्याची कैफियत अखेरपर्यंत ऐकली, तेव्हा तो म्हणाला की, खड्डीच्या, म्हणजे हातमागाच्या, पावड्या खाली पाहिल्यावाचून पायांना सापडत नाहीत, आणि तोंड धुताना डोळे मिटले की आपण पुढे कोलमडतो. तळपायावर किल्ली ओढली, तो अंगठा वर गेला. घोट्यावर टेकवलेल्या ट्यूनिंग फोर्कचा कंप त्याला उमगेना. मज्जारज्जू प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखालची गादी अंगठा वर नेईल कशी? दोष वर, रज्जूतच होता, आणि रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्वाची तीव्र उणीव निघाली. इंजेक्शनांनी चाल सुधारली, तळपायांची बधिरता मात्र पुरती गेली नाही. तो महिना माझ्याच नावे खर्ची पडला आहे.

कैफियतीचे मोल सांगणारा एक जुना दाखला बघ: १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले; त्याच वर्षी मुंबईत डोळे येण्याची साथ होती, आणि तीतून उठलेल्या काहींचे पाय पुढे लुळे पडू लागले. डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंतला संबंध ओळखून जगापुढे मांडला. पाय लुळा पडलेल्या माणसाला मागे डोळे आले होते काय, हे विचारल्याशिवाय कोणते यंत्र सांगणार होते?

म्हणून आधी दोषाचे ठिकाण ठरव, मग तो क्षणात उद्भवला की महिन्यांत वाढला हे विचार, आणि त्यानंतरच कोणत्या भागाचे चित्र हवे याची तजवीज कर.

तुझ्या पत्रातील, अंधारात जिना उतरण्यास भिणाऱ्या त्या बाईंना पाय जुळवून, डोळे मिटून उभे करून पाहिलेस काय? सावरायला जवळ उभा राहा, आणि काय आढळले ते उलटटपाली कळव.

तुझा काका