देवाला आधीच ठाऊक असेल, तर दोष कोणाचा?



‘कपाळी लिहिलेले चुकत नाही’ हे आपल्या आज्यांनी जन्मभर ऐकले. धम्मदीक्षेबरोबर आपण ते सोडून दिले. पण हा पेच केवळ आपल्याच मुलखातला नाही. आपल्यातल्या काहींचे नातलग, विशेषतः नगरकडे, पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झाले. त्यांच्या घरी मराठी बायबल असते. ते उघडा, हाच प्रश्न तिथेही भेटतो. कोणाच्या ग्रंथाची टिंगल करण्याचा आपला हेतू नाही. प्रश्न नीट विचारता यावा, एवढाच या पाठाचा उद्देश आहे.

देव सर्वज्ञ आहे. उद्या मी काय करणार, हे त्याला आज ठाऊक आहे आणि त्याचे ज्ञान चुकत नाही. मग उद्या मला वेगळे काही करता येईल काय? येत नसेल, तर शिक्षा कशाबद्दल?

‘निर्गम’ या पुस्तकात मिसरचा राजा फारो इस्राएली गुलामांना सोडत नाही, म्हणून देशावर एकामागून एक दहा पीडा येतात. सुरुवातीच्या पीडांच्या वेळी फारोने आपले मन कठीण केले, असे लिहिले आहे. सहाव्या पीडेपासून देवाने त्याचे मन कठीण केले, अशीही भाषा येते. आपण असे करणार, हे देवाने मोशेला आधीच सांगून ठेवलेले असते. शेवटी राजवाड्यापासून तुरुंगापर्यंत मिसरी लोकांची प्रत्येक थोरली संतती मरते, गुरांचीही मरते. गुलाम सुटले याचा आनंद आपल्याहून अधिक कोणाला होणार? तरी वाचताना मी इथे थांबतो. त्या लेकरांनी कोणता निर्णय घेतला होता?

हाच फारो घेऊन पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो की, मला असे का घडवलेस हे भांड्याने कुंभाराला विचारू नये. एकाच गोळ्यातून तो एक भांडे मानाचे करतो, दुसरे हलक्या कामाचे. पौलाच्या मनात आपल्याकडची जात नव्हती, हे खरे. पण हा दृष्टान्त आपल्या कानाला ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्ती पंडितही यावर आपसात भांडले. पेलागियस म्हणे, माणूस स्वतःच्या बळावर चांगले निवडू शकतो. ऑगस्टिन म्हणे, देवाच्या कृपेवाचून नाही. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसच्या मताचा निषेध केला. अकराशे वर्षांनी इरॅस्मसने 1524 साली इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि 1525 साली ल्यूथरने ते खोडून काढणारे लिहिले.

सगळ्यांत चतुर उत्तर बोएथियसचे. हा रोमन मंत्री 524 च्या सुमारास तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत होता. तो म्हणतो, देव काळाच्या बाहेर आहे. त्याला सारे एकदम दिसते. रस्त्याने चालणारा माणूस आपल्याला दिसतो, म्हणून काही आपण त्याला चालवत नाही. मी शिक्षक आहे, मला हे पटकन कळते. सहामाहीनंतर कोण नापास होणार, याचा मला अंदाज असतो. माझ्या अंदाजाने कोणी नापास होत नाही. पण तो मुलगा मी निर्माण केलेला नाही. ज्याने मुलगा घडवला, प्रश्नपत्रिका काढली आणि निकालही आधीच जाणला, त्याला हे उत्तर कसे पुरावे? मला तरी ते पुरत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच बायबलात दुसरा सूरही आहे. यिर्मयाच्या पुस्तकातही कुंभार आहे; पण तिथे लोक वाईट मार्गावरून वळले, तर देवही आपला बेत बदलतो. योनाची गोष्ट तर लहान मुलांनाही सांगण्याजोगी. चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल, असे योना देवाच्या आज्ञेने जाहीर करतो. लोक उपास करतात, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, सारे शहर जुलूम सोडते. शहर उलथत नाही. आपले भाकीत खोटे ठरले म्हणून योना रागावून शहराबाहेर मांडव घालून बसतो. देव त्याला विचारतो, उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे या शहरात आहेत, शिवाय गुरेढोरे. मी त्यांची कीव करू नये काय?

पुस्तक तिथेच संपते. योनाने काय उत्तर दिले, ते लिहिलेले नाही.