मांडी न घालणारा लाकडी माणूस



एलिमेंटरी ड्रॉईंग परीक्षेच्या तयारीत स्मरणचित्र आलं की माझ्या सातवीच्या वर्गाचा चेहरा उतरतो. बादली, फुलदाणी जमते. माणूस काढा म्हटलं की कोपर कुठेही येतं आणि पाय रबरासारखे वाकतात. म्हणून यंदा सीताबर्डीवरून फूटभर उंचीचा सांध्यांचा लाकडी पुतळा आणला. दुकानात त्याला 'मॅनिकिन' म्हणतात.

आपल्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल चाकांवर फिरतो, पण मान वळवत नाही. याचे मात्र मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे सगळे वळतात, आणि वळवले तसेच राहतात. चेहरा तेवढा नाही. युक्ती जुनीच आहे. इटलीतल्या फ्रा बार्तोलोमिओ (१४७२-१५१७) या चित्रकाराने माणसाएवढा असा पुतळा करवून घेतला होता, असं व्हासारीने लिहून ठेवलंय. जिवंत माणूस थकतो, हलतो, कपड्याच्या चुण्या बदलतात. पुतळ्याचं तसं नाही.

मुलं खूश झाली. मग मी 'नळावरची गर्दी' हा विषय दिला. सगळ्यांची माणसं ताठ उभी! एक मुलगी कागद कोराच ठेवून बसली होती.

"मॅडम, हा उकिडवा बसतच नाही. माझी आजी तशी बसून भांडे घासते."

मी म्हणाले, "मग आजीला उभी काढ." हे बोलले खरी, पण घरी येऊन पुतळा वाकवून पाहिला. खुर्चीत छान बसला. उकिडवं बसवलं तर गुडघा अर्ध्यावरच अडला, मांडी तर घालताच येईना. आपली भाजीवाली, पंगत, चुलीपुढची आई, सगळी जमिनीवर बसणारी माणसं. ती या लाकडातून येणार कशी?

दुसरी अडचण मापाची. मोठा माणूस स्वतःच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो, पहिलीतलं पोर साडेपाच पटीच्या आसपास. पुतळा मोठ्या माणसाच्या मापाचा. तो बघून लहान मूल काढलं की बुटका बाप्या दिसतो! पट्टीने एकमेकांचं डोकं मोजायला लावा, मुलांना फार मजा येते.

आता मी पुतळा दहाच मिनिटं काढते. शरीर कुठे वाकतं, आणि एका पायावर उभं असताना गळ्याची खाच त्या पायाच्या वर कशी येते, एवढ्यापुरता. नंतर वर्गातलंच एक मूल पुढे बसतं, दोन मिनिटं, कारण त्याहून जास्त वेळ स्थिर बसणं सोपं नाही. बाकीचे नुसत्या रेघा ओढतात. पालकांनी घरी जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे दोऱ्याने जोडून पुतळा केला तरी चालेल. तो निदान उकिडवा बसतो.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला नवा कागद दिला. तिची आजी आता नळाजवळ आहे, गुडघे पार खांद्यापर्यंत आलेले, मधे राखेची वाटी.