आधी कीबोर्डवरून हात काढा

गिटमध्ये एकदा कमिट केलेलं काम सहजासहजी नाहीसं होत नाही. नाहीसं होतं ते कमिट न केलेलं, आणि काही बिघडल्यावर घाबरून जी दुसरी-तिसरी कमांड मारली जाते तिच्या तडाख्यात सापडलेलं. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलामुलींना हे मी पहिल्याच दिवशी सांगते आणि ते कोणालाच पटत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना कमांडची यादी हवी असते.

आमचं ऑफिस स्वारगेटला, मुकुंदनगरच्या बाजूच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जागा घेताना विचार एवढाच केला होता की पोरं भोर, शिरवळ, साताऱ्याकडून येतात, त्यांना एसटीतून उतरून चालत येता आलं पाहिजे. (सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, तेव्हापासून पिंपरीवाल्यांची कुरकुरही थांबली. जेधे चौक ओलांडताना मात्र अजून देवाचं नाव घ्यावं लागतं.) गिऱ्हाईकं बहुतेक मार्केट यार्डातली, म्हणजे अडते आणि काही वाहतूकवाले. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी करून देणारं सॉफ्टवेअर हा आमचा मुख्य धंदा. माल किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात किती, एवढं छापून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं.

भोरचा एक मुलगा हमालीचा हिशोब नव्याने लिहीत होता. पोतं, क्रेट, डाग, प्रत्येकाचा दर निराळा, म्हणून जुना कोड पार गुंतागुंतीचा झाला होता. मुलगा हुशार, टायपिंगचा वेग दांडगा. त्याने आपल्या ब्रँचवर कमिट केली होती, पण पुश केलेली नव्हती. दुपारी इतरांचं ताजं काम ओढायला पुल केलं आणि कॉन्फ्लिक्ट आला. फाइलींमध्ये त्या बाणांच्या खुणा उमटल्या. त्याने हाताने सोडवायला सुरुवात केली, काही फाइली सोडवून ॲडही केल्या, मग एका फाइलीत अडकला. नेटवर कोणाचं तरी उत्तर सापडलं: रिमोटच्या मेनवर रीसेट हार्ड मारा, मग क्लीन एफडीएक्स मारा, सगळं स्वच्छ होईल.

झालं स्वच्छ.

मी त्याच्या टेबलापाशी पोचले तेव्हा तो पुढची पायरी गाठायच्या बेतात होता. जुनं फोल्डर डिलीट करायचं आणि रेपो पुन्हा क्लोन करायचा. "मॅडम, सगळं गेलंच आहे, निदान नव्याने तरी सुरू करतो." मी म्हटलं, "अरे बाबा, आधी कीबोर्डवरून हात काढ." ते फोल्डर गेलं असतं तर खरोखरच सगळं गेलं असतं. रिफ्लॉग त्या फोल्डरातच राहतो, आतल्या डॉट गिट नावाच्या लपलेल्या डिरेक्टरीत. तो सर्व्हरवर जात नाही आणि नव्या क्लोनमध्ये येत नाही.

रिफ्लॉग म्हणजे तुमच्या मशीनवर हेड कुठून कुठे सरकलं याची नोंदवही. 'गिट रिफ्लॉग' म्हटलं की ओळी येतात. सगळ्यात वर ताजी नोंद: रीसेट, ओरिजिन मेनकडे. तिच्या खाली: कमिट, क्रेटच्या हमालीचा दर वेगळा. तिच्या खाली त्याच्या आधीची कमिट. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या कमिटचा सात-आठ अक्षरी आकडा. ब्रँचवरून दिसेनाशा झालेल्या कमिट इथे शांतपणे बसलेल्या असतात. अशा वाऱ्यावर सोडलेल्या कमिटची नोंद गिट आपण होऊन ३० दिवस सांभाळतं आणि ब्रँचवर अजून असलेल्यांची ९० दिवस. आम्ही दुसरी ओळ धरून 'वाचवलेलं' नावाची नवी ब्रँच काढली. मागे जायला पुन्हा रीसेट मारला नाही, हे लक्षात घ्या. वाचवण्याच्या कामात काहीही हलवायचं नाही, फक्त सापडलेल्या जागेवर खूण करायची. कमिट केलेलं सगळं काम दोन मिनिटांत परत आलं.

ॲड केलेलं पण कमिट न केलेलं काम परत आणायला मात्र घाम फुटला. 'ॲड' म्हणताच गिट त्या फाइलीतला मजकूर आपल्या कोठारात ठेवून देतं. रीसेटने त्याच्याकडे जाणारी वाट पुसली जाते, मजकूर तिथेच राहतो. 'गिट एफएससीके लॉस्ट फाउंड' ही कमांड असे बेवारस तुकडे शोधून डॉट गिटमधल्या एका फोल्डरात मांडते. पण त्यांना नाव नसतं. फाइलीचं नाव त्या तुकड्यात लिहिलेलंच नसतं, फक्त चाळीस अक्षरांचा क्रमांक. एकेक उघडायचा, वाचायचा आणि ओळखायचं की हा हमालीचा, हा छपाईचा, हा कोण जाणे कधीचा. मुलगा संध्याकाळपर्यंत तेच करत बसला. असे तुकडे गिट साधारण दोन आठवडे सांभाळतं, त्यानंतरच्या साफसफाईत ते जातात. म्हणून हे काम "सोमवारी बघू" म्हणून ढकलायचं नाही.

उरलं ते गिटला कधी सांगितलंच नव्हतं. त्याने लिहिलेली एक चाचणीची फाइल एडिटरच्या लोकल हिस्टरीतून मिळाली. व्हीएस कोडमध्ये ही सोय २०२२ पासून आहे आणि ती गिटवर अजिबात अवलंबून नाही. पण एन्व्ह फाइल गेली, आणि एका अडत्याच्या वहीवरून टाइप केलेली हमालीच्या दरांची यादीही गेली. या दोन्ही गोष्टी आम्ही मुद्दाम गिटइग्नोरमध्ये टाकल्या होत्या, कारण एकीत पासवर्ड आणि दुसरी गिऱ्हाइकाची. क्लीनमधला तो 'एक्स' नेमका याच फाइलींच्या मुळावर येतो: इग्नोर केलेल्यासुद्धा उडवा, असा त्याचा अर्थ. त्या रिसायकल बिनमध्येही जात नाहीत. मुलगा दुसऱ्या दिवशी गुलटेकडीला, मार्केट यार्डातल्या त्या गाळ्यावर गेला. अडत्यांनी चहा पाजला, वही पुन्हा हातात दिली आणि "कॉम्प्युटरपेक्षा ही बरी की रे" असं ऐकवलंही. उत्तर नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट, क्लीनच्या आधी त्याच कमांडला 'एन' लावून चालवा. काय काय उडेल ते गिट आधी वाचून दाखवतं, काही उडवत नाही. 'एक्स' तर विसरूनच जा. एन्व्ह फाइलीची एक प्रत रेपोच्या बाहेर, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा; आणि रेपोत एक नमुना फाइल ठेवा, नावं खरी आणि किमती खोट्या.

दुसरी गोष्ट यापेक्षा साधी आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. 'गिट स्टेटस' वाचा. नुसतं मारू नका, वाचा. कॉन्फ्लिक्टमध्ये अडकलेल्या माणसाला स्टेटस स्वतःहून सांगतं की मर्ज सोडून द्यायचा असेल तर 'मर्ज अबॉर्ट' म्हणा. त्या मुलाने तेवढं म्हटलं असतं तर पुलच्या आधी होता तिथे तो परत गेला असता, फार तर सोडवलेले कॉन्फ्लिक्ट पुन्हा सोडवावे लागले असते. रिबेसमध्ये अडकलात तर तिथेही अबॉर्ट आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलच्या लोकांसाठी, ते आधी वापरत त्या बिटकीपरची फुकट वापरण्याची मुभा गेल्यावर, घाईघाईने. जाणत्या माणसांचं हत्यार म्हणून ते तुसडंच होतं. पुढे त्याच्या सूचना बऱ्याच माणसाळल्या. २०१९ मध्ये स्विच आणि रिस्टोअर या कमांड आल्या, त्याही चेकआउट या एकाच शब्दावर लादलेली दोन कामं वेगळी करायला. नव्यांनी त्याच शिकाव्यात. पण इतक्या कष्टाने लिहिलेल्या सूचना कोणी वाचणारच नसेल तर गिटने तरी काय करावं?

फोर्स पुशबद्दल मी फार बोलत नाही, कारण आमच्या सर्व्हरवर मेन ब्रँचला तो बंदच करून टाकला आहे आणि तुम्हीही आजच करा. चूक एका माणसाची असते आणि इतिहास सगळ्यांचा पुसला जातो. २०१३ च्या नोव्हेंबरात जेनकिन्स प्रकल्पाच्या दीडशेहून जास्त रेपोंवर चुकून एका फटक्यात फोर्स पुश झाला होता. तिथे पट्टीचे प्रोग्रॅमर होते, तरी झाला. सावरलंही, कारण जुन्या कमिट सर्व्हरवर आणि लोकांच्या क्लोनमध्ये शाबूत होत्या. स्वतःच्या ब्रँचवर फोर्स करावाच लागला तर 'फोर्स विथ लीज' वापरा. मध्येच दुसऱ्या कोणी काही ढकललं असेल तर तो नकार देतो. त्यातही एक पाचर आहे: तुमचा एडिटर मागच्या मागे फेच करत असेल तर लीजला वाटतं तुम्ही ते नवं काम पाहिलेलं आहे, आणि तो जाऊ देतो. एडिटरचा आपोआप फेच बंद ठेवा.

पासवर्ड चुकून पुश झाला तर पुढच्या कमिटमध्ये तो खोडून उपयोग नाही, मागच्या कमिटमध्ये तो तसाच वाचता येतो. आधी पासवर्ड बदला. इतिहास धुवायचा नंतर, फिल्टर रेपोने, सवडीने आणि सगळ्यांना सांगून. मी पाहिलेली माणसं हा क्रम हमखास उलटा करतात.

आता कमिटच्या संदेशाविषयी, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते वर्षानुवर्षं दिसत नाही. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि शेतकऱ्याकडून अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, घेणं बंद झालं, ती खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. यार्डात त्यावरून मोठं रण पेटलं. आमच्या कोडमध्ये मात्र तो एवढासा बदल होता: पट्टीतून अडतीची वजावट काढली, खरेदीदाराच्या बिलात टाकली. पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला, बिलाची मांडणी पुन्हा बदलली. काही वर्षांनी एका अडत्यांना २०१६ च्या उन्हाळ्यातली जुनी पट्टी पुन्हा छापून हवी होती, आणि नव्या प्रोग्रॅममधून निघालेल्या पट्टीत अडतच नाही म्हणून ते संतापले. नियम नक्की कुठल्या तारखेला बदलला हे तेव्हाच्या माणसांपैकी ऑफिसात कोणालाच आठवेना.

'गिट लॉग'ला मोठा 'एस' लावून अडतीच्या व्हेरिएबलचं नाव दिलं. ते नाव ज्या ज्या कमिटमध्ये आलं किंवा गेलं तेवढ्याच समोर आल्या. त्यातल्या एकीवर संदेश होता 'फिक्स'. दुसरीवरही 'फिक्स'. तिसरीवर पूर्वी आमच्याकडे असलेल्या एका मुलीने मराठीत सरळ लिहिलं होतं की सरकारी निर्णयामुळे शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत काढली, अमुक तारखेपासून लागू, जुन्या पट्ट्यांना लावू नये. शेवटचे चार शब्द कोडमध्ये कोणी पाळलेच नव्हते, आणि बग तोच होता. काय बदललं ते डिफमध्ये दिसतं. का बदललं ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, आणि लिहिणारा वर्ष-दोन वर्षांत हिंजवडीला निघून जातो. संदेश मराठीत लिहा, मोडक्या इंग्रजीत लिहा, मला काहीच फरक पडत नाही. 'फिक्स' लिहिलंत तर परत पाठवते.

एक मराठीपुरती भानगड राहिली. फाइलीला देवनागरी नाव दिलंत तर स्टेटसमध्ये ते दिसत नाही, त्याजागी उलट्या तिरप्या रेघा आणि ३४०, २४४ असले आकडे रांगेने येतात. फाइल खराब झालेली नसते. गिट प्रत्येक अक्षराचे बाइट ऑक्टलमध्ये छापत असतं. कॉन्फिगमध्ये कोअर कोटपाथ फॉल्स केलं की नावं नीट दिसतात. हे न कळल्याने "व्हायरस आला" म्हणून फाइली उडवणारा माणूस मी पाहिलेला आहे. त्याहून खट्याळ प्रकार 'शेतकऱ्या'तल्या 'ऱ'चा. संगणकात तो एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण लिनक्सवर गिटच्या लेखी नावं दोन. आमच्या रेपोत काही काळ एकाच फोल्डरात 'शेतकऱ्याची पट्टी' नावाच्या दोन फाइली नांदत होत्या, एकीत दुरुस्ती व्हायची आणि छापली जायची दुसरी. आता आमच्याकडे फाइलींची नावं इंग्रजी लिपीत असतात, आणि मराठी सगळी फाइलींच्या आत.